'आमूर' पाहून घरी शुश्रूषा ठरवताना: झॉर्झचं काय घ्यावं, काय घेऊ नये

प्रश्न थोडक्यात असा: आई ७६ वर्षांची, चार महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. बाबा ८१ वर्षांचे. त्यांनी 'आमूर' हा फ्रेंच चित्रपट पाहिला आणि आता म्हणतात, त्या झॉर्झसारखं तिचं सगळं मीच करीन. बाई नको, हॉस्पिटल नको. चित्रपटातला आजार कितपत खरा आहे आणि बाबांना काय सांगावं?

उत्तर: आजार जवळजवळ सगळा खरा आहे. शुश्रूषा मात्र निम्मी चुकलेली आहे, आणि माझ्या मते ती चुकताना दिसावी अशीच दाखवली आहे. तुमच्या बाबांनी त्या चुकाही प्रेमाच्या खात्यात जमा केलेल्या दिसतात.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: मिखाएल हानेके यांचा २०१२ चा चित्रपट, लांबी १२७ मिनिटं. पॅरिसमधलं ऐंशीच्या घरातलं जोडपं, दोघंही संगीतशिक्षक, आता निवृत्त. ॲन (एमान्युएल रिव्हा) आजारी पडते आणि झॉर्झ (जाँ-लुई त्रँतिन्याँ) तिचं करतो. मुलगी एव्हा (इझाबेल हुपेर) अधूनमधून येते, काळजी करते, जाते. कान महोत्सवात पाम दोर हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, पुढे परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर ऑस्ट्रियाच्या नावावर गेलं. हानेके यांनी आपल्या आईवडिलांच्या व्हिएन्नातल्या घराच्या धर्तीवर तो फ्लॅट स्टुडिओत उभारून घेतला होता. हे आत्ताच सांगतो, कारण सेटच्या भिंती कॅमेऱ्यासाठी हलवता येतात आणि तुमच्या बाथरूमचं दार हलत नाही. त्यावर पुढे येतोच.

सुरुवातीचा न्याहारीचा प्रसंग घ्या. ॲन बसल्या जागी कोरी होते. डोळे उघडे, पण बोलावलं तरी उत्तर नाही. झॉर्झ ओला टॉवेल तिच्या मानेला लावतो, नळ वाहता ठेवून कपडे बदलायला जातो, तेवढ्यात नळ बंद झाल्याचा आवाज येतो. ॲन भानावर आलेली असते आणि तिला काहीच आठवत नाही. मग चहा ओतताना धार कपाबाहेर जाते. इथे शास्त्र जरा सैल सोडलंय. मानेतली रक्तवाहिनी अरुंद झाल्याने येणारा पक्षाघाताचा तात्पुरता झटका सहसा असा नुसता कोरेपणा घेऊन येत नाही. तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, शब्द न सुचणं अशा रूपात तो दिसतो. असा रुग्ण समोर आला तर डॉक्टर फिट्सचाही विचार करतील. पण त्या प्रसंगातली माणसाची चूक शंभर टक्के खरी आहे. बाई बरी झाली, म्हणजे संपलं असं वाटतं, आणि ती स्वतः डॉक्टरला बोलवायला विरोध करते. पहिल्या ४८ तासांत मोठा झटका येण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. झॉर्झने कपडे बदलायला जायच्या आधी फोन उचलायला हवा होता. फ्रान्समध्ये १५, महाराष्ट्रात १०८. तुमच्या आईला पुन्हा असं काही झालं तर किती वाजता सुरू झालं ते लिहून ठेवा आणि लगेच निघा. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची मुदत साडेचार तासांची असते, आणि ती आई शेवटची ठीक दिसली त्या क्षणापासून मोजतात.

पुढचं ऑपरेशन चित्रपटात दिसतच नाही, हॉस्पिटलही नाही. मानेतली रक्तवाहिनी साफ करायला गेले, ते फसलं आणि उजवी बाजू गेली. झॉर्झ मुलीला जो धोका सांगतो तो शंभरात पाचचा. आकडा बरोबर बसतो: लक्षणं दिसून गेलेल्या रुग्णात या ऑपरेशनचा पक्षाघाताचा किंवा मृत्यूचा धोका शंभरात सहाच्या खाली असावा असा दंडक आहे. उजवी बाजू लुळी म्हणजे मेंदूची डावी बाजू दुखावली, आणि बहुतेकांची भाषा तिथेच असते. म्हणून ॲनचा हात आधी जातो आणि पुढच्या झटक्यानंतर वाचाही जाते. रिव्हांनी या पायऱ्या ज्या बारकाईने उतरवल्यात ते पाहण्यासारखं आहे. ओठांची बाजू किती उतरते, मान कुठल्या बाजूला कलते, हे प्रत्येक टप्प्यावर नेमकं बदलत जातं.

आता उचलण्याकडे येऊ, कारण तुमच्या बाबांचा खरा धोका तिथे आहे. घरी आल्यावर झॉर्झ ॲनला व्हीलचेअरमधून आरामखुर्चीत घेतो. तिच्या काखेखालून हात घालून, छातीशी धरून, दोघं लहान पावलं टाकत फिरतात. क्षणभर नाचताहेत असं वाटतं. सुंदर प्रसंग आहे, आणि घरी करू नये असाच आहे. लुळ्या बाजूच्या खांद्याला स्नायूंचा आधार उरलेला नसतो. काखेतून उचललं की हाताचं हाड खोबणीतून खाली सरकतं आणि मग महिनोन्‌महिने टिकणारं दुखणं मागे लागतं. शिवाय रुग्णाने मानेला मिठी मारली की करणाऱ्याच्या मणक्यावर सगळा भार येतो. झॉर्झ स्वतः लंगडत चालतो. तो पडला तर दोघं जमिनीवर.

बरोबर पद्धत अशी. ज्या खुर्चीत किंवा खाटेवर जायचं ती आईच्या चांगल्या बाजूला हवी, व्हीलचेअर तिला साधारण ३० ते ४५ अंशांत लावायची. दोन्ही ब्रेक लावायचे, पायपट्ट्या वर करायच्या किंवा काढून ठेवायच्या. आईला सीटच्या पुढच्या कडेला सरकवायचं, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे, जमिनीवर पूर्ण टेकलेली, पायात न घसरणारी चप्पल किंवा बूट. नुसते मोजे कधीच नाहीत. कमरेला ट्रान्सफर बेल्ट (सर्जिकल दुकानात मिळतो), धरायचं ते त्यालाच. करणाऱ्याने आपल्या गुडघ्याने तिचा लुळा गुडघा समोरून अडवायचा. मग तिला पुढे वाकायला सांगायचं, नाक पायाच्या बोटांच्या रेषेपुढे येईपर्यंत. याच जागी सगळे चुकतात. घाबरून रुग्णाला सरळ वर ओढतात, आणि वजन मागे असल्याने ती उठतच नाही. वाकली की बूड आपोआप हलकं होतं. तीन म्हणताच उभं राहायचं, चांगल्या पायावर वळायचं, मागची खुर्ची पोटरीला लागली की हळू बसवायचं. हे दोन माणसांचं काम समजा. ८१ वर्षांच्या माणसाने ते एकट्याने दिवसातून आठ-दहा वेळा करू नये, अजिबात.

चित्रपटात शौचालयावरून उठवण्याचा प्रसंग आहे. झॉर्झ एका हाताने तिला धरतो, दुसऱ्याने कपडे वर ओढतो. आपल्याकडे अपघात नेमके इथेच होतात. साधी व्हीलचेअर बाहेरून ६५ सेंटीमीटरच्या आसपास रुंद असते आणि आपल्या फ्लॅटमधल्या बाथरूमची दारं कित्येकदा त्याहून थोडीच मोठी, वर उंबरा. तेव्हा आधी टेपने दार मोजा. व्हीलचेअर जात नसेल तर चाकांची, अरुंद कमोड खुर्ची घ्या, म्हणजे तीच सरळ भांड्यावर सरकवता येते आणि मधलं एक उचलणं वाचतं. भांड्याची उंची ४५ सेंटीमीटरच्या वर असेल तर उठणं खूप सोपं होतं. कमी असेल तर भांड्यावर बसवून उंची वाढवणारी बैठक ('कमोड रेझर') मिळते. आडवा दांडा चांगल्या हाताच्या बाजूला बसवा. टॉवेल वाळत घालायच्या दांड्याला धरून उठायची सवय लागू देऊ नका, तो भिंतीतून निघतो.

खाटेबाबत झॉर्झ शहाणा आहे. वर-खाली होणारी खाट तो वेळेवर आणतो. आपल्याकडे भाड्याने मिळणाऱ्या फाउलर बेडमध्ये एक मेख असते: दोन हँडलच्या खाटेची पाठ आणि गुडघे वर होतात, पण खाटेची उंची बदलत नाही. तुम्हाला ती बदलणारी हवी. आईला पुसताना, कूस बदलताना खाट करणाऱ्याच्या कमरेपर्यंत वर, ती उठताना खाली. मागताना 'हाय-लो' म्हणा.

दाबाच्या जखमा ॲनला झाल्याचं आपल्याला दाखवलेलं नाही, पण तिच्या अवस्थेत त्या व्हायला दोनच दिवस पुरतात. माकडहाड, टाचा, खुबा या जागा रोज उजेडात बघा. लाल दिसलं तर बोटाने दाबा. दाबल्यावर पांढरं पडून पुन्हा लाल झालं तर अजून वेळ आहे; लालच राहिलं तर जखमेची पहिली पायरी आली. तिथे स्पिरिट-पावडर चोळायची जुनी पद्धत सोडा. चोळल्याने आतलं मांस आणखी फाटतं. मध्ये भोक असलेली गोल उशीही नको, ती कडेने रक्तपुरवठा अडवते. दर दोन तासांनी कूस, पूर्ण नव्वद अंशांत नव्हे तर पाठीमागे उशी देऊन ३० अंश कलती. पोटरीखाली उशी, म्हणजे टाचा हवेत. एअर मॅट्रेस असेल आणि कातडी चांगली असेल तर रात्रीचं अंतर डॉक्टरांना विचारून वाढवता येतं, आणि बाबांच्या झोपेसाठी ते महत्त्वाचं आहे. मॅट्रेसवर रेक्झिन, चादर, पुन्हा गोधडी असे थर घातले की तिचा उपयोग संपतो. आई झोपलेली असताना माकडहाडाच्या जागी मॅट्रेसखाली तळहात घालून पाहा. इंचभर हवा लागली पाहिजे. वीज गेली की पंप बंद पडतो आणि तासाभरात हवा उतरू शकते, हेही लक्षात असू द्या.

पाणी पाजण्याचा प्रसंग अनेकांना सहन होत नाही. ॲन तोंड मिटून घेते, झॉर्झ टोटीच्या कपाने आग्रह करतो, ती पाणी थुंकते, तो तिला थोबाडीत मारतो. आणि मारल्यावर तोच जास्त हादरतो. या प्रसंगात तीन गोष्टी एकात एक अडकल्या आहेत आणि घरी त्या वेगळ्या काढाव्या लागतात.

पहिली, तो कप. लहान मुलाचा टोटीचा कप किंवा फीडिंग कप सोयीचा वाटतो, पण त्यातून पिताना मान मागे जाते आणि पाणी एकदम घशाशी पडतं. गिळणं बिघडलेल्या माणसासाठी साधं पाणी सर्वांत अवघड असतं, कारण ते सर्वांत वेगाने धावतं आणि श्वासनलिकेत शिरतं. आई ताठ बसलेली, हनुवटी किंचित खाली, चहाच्या चमच्याने एक घोट, तो गिळल्याचं गळ्याजवळ दिसलं की मगच पुढचा. लुळ्या गालात घास साठतो, तो शेवटी बोटाला ओलं फडकं गुंडाळून काढायचा. खाल्ल्यावर अर्धा तास बसवूनच ठेवायचं. जेवताना खोकला, नंतर आवाज घोगरा-ओला, किंवा कारण नसताना येणारा ताप दिसला तर गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्टकडून करून घ्या. ते सांगतील त्या दाटपणाची पेज, पातळ केलेली खिचडी, दाट केलेलं पाणी द्यायचं. किती दाट हे अंदाजाने ठरवू नका, फार दाट झालं तर माणूस पिणंच सोडतो.

दुसरी, किती पाणी. किलोमागे साधारण ३० मिलिलिटर, म्हणजे ५० किलोच्या बाईला दीड लिटर. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. एका बैठकीत पाजायचं ठरवलं की भांडण ठरलेलं. दर तासाला शंभर मिलिलिटरची वाटी ठेवा आणि लघवीचा रंग पाहा. फ्रान्समध्ये वृद्धांना रात्री मांडीच्या किंवा पोटाच्या कातडीखाली सावकाश सलाइन देण्याची पद्धत बरीच रुळलेली आहे. आपल्याकडे कमी वापरतात, पण विचारायला हरकत नाही.

तिसरी सर्वांत कठीण: ती गिळू शकत नाहीये, की तिला प्यायचं नाहीये? ॲनच्या बाबतीत चित्रपट दोन्ही शक्यता उघड्या ठेवतो. घरी आधी पहिली तपासून बाजूला करावी लागते, मग दुसरीबद्दल बोलावं.

आणि दुसरीबद्दल बोलताना खिडकीचा प्रसंग विसरू नये. झॉर्झ एका अंत्यविधीहून अपेक्षेपेक्षा लवकर परततो तर ॲन उघड्या खिडकीशी जमिनीवर बसलेली असते. ती पुढे स्पष्ट सांगते की तिला जगायचं नाही. चित्रपट हे एका स्वाभिमानी बाईचा निर्णय म्हणून दाखवतो, आणि असेलही तसं. पण पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येतं, त्यावर औषध आहे, आणि चित्रपटाच्या दोन तासांत कुणीही, डॉक्टर, मुलगी, नवरा, तो प्रश्न विचारताना दिसत नाही. मला हा चित्रपट आवडतो, तरी ही जागा खटकते. आई जेवण परत लावत असेल, रडत असेल, व्यायामाला तोंड फिरवत असेल तर 'वयच झालं' म्हणून सोडू नका. डॉक्टरांना सरळ नैराश्याबद्दल विचारा.

'मल, मल' हे ॲनचं ओरडणं: फ्रेंचमध्ये 'दुखतंय'. नर्स झॉर्झला समजावते की याला अर्थ नाही, हे आपोआप निघतं, ती 'आई, आई'ही म्हणाली असती. हे अर्धं खरं आहे. वाचा गेलेल्या रुग्णाकडे एखादाच शब्द उरतो आणि तोच सगळ्यासाठी वापरला जातो. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये असाच रुग्ण तपासला होता, ज्याला फक्त 'टॅन' म्हणता यायचं. मेंदूतली वाचेची जागा त्याच्यामुळे सापडली. पण शब्द आपोआप निघतो म्हणून दुखत नाही, असं होत नाही. आंघोळीला हात हलवताना ॲन जास्त ओरडते, याचा अर्थ खांदा बघायला हवा होता. न बोलणाऱ्या वृद्धांचं दुखणं मोजायला फ्रान्समध्येच 'डोलोप्लस' नावाची मोजपट्टी तयार झाली: दहा मुद्दे, प्रत्येकाला शून्य ते तीन, बेरीज पाच किंवा वर गेली की वेदना आहे असं धरायचं. घरी एवढं करा: चेहरा आक्रसतो का, कुठला भाग हलवताना, औषधानंतर कमी होतं का, हे दोन दिवस लिहा. खांदा, बद्धकोष्ठता, तुंबलेली लघवी आणि माकडहाड, बहुतेक वेळा कारण या चारांत सापडतं.

त्याच चित्रपटात उत्तम केलेली गोष्टही आहे. झॉर्झ ॲनबरोबर 'सूर ल पाँ द'आव्हिन्याँ' हे बालगीत म्हणतो आणि जिला वाक्य जमत नाही तिच्या तोंडून अडखळत का होईना शब्द येतात. सूर आणि पाठ झालेले शब्द मेंदूच्या उजव्या बाजूच्या आधारानेही निघू शकतात. यावर बेतलेली उपचारपद्धत आहे. आईला लहानपणापासून पाठ असलेलं घ्या: आरती, अंगाईगीत, मनाचे श्लोक. समोर बसून, तिच्या डाव्या हाताने प्रत्येक अक्षराला मांडीवर ताल देत, हळू. दोन-तीन आठवड्यांनी तीच चाल 'पाणी दे', 'बस झालं' अशा रोजच्या शब्दांना लावा.

बाई नको, या मुद्द्यावर. झॉर्झकडे आठवड्यातून काही वेळा नर्स येते, मग दुसरी येते. ती ॲनचे केस ओढून विंचरते, जबरदस्तीने आरसा दाखवते, आणि तो तिला काढून टाकतो. काढणं बरोबर होतं. चूक त्यानंतरची: तो कुणालाच आत येऊ देईनासा होतो, एकदा तर मुलगी येते तेव्हा खोलीला कुलूप असतं. फ्रान्समध्ये साठीपुढच्या परावलंबी माणसांना २००२ पासून सरकारी शुश्रूषाभत्ता आहे. आपल्याकडे तसं काही नाही, ब्युरोची मावशी आपल्याच खिशातून. तरी दिवसाची तरी ठेवा. पहिल्या दिवशी कागदावर लिहून द्या: कोणती बाजू लुळी, हात कुठे धरायचा नाही, पाणी कसं पाजायचं, कुशीच्या वेळा, केस कसे विंचरलेले आवडतात. आणि पहिले तीन दिवस कुणीतरी घरच्याने समोर बसायचं. आठवड्यातून दोन अर्धे दिवस बाबा घराबाहेर असले पाहिजेत, हे औषधाइतकं पक्कं करा. झॉर्झ शेवटी उशीने ॲनचा श्वास कोंडून तिला मारतो, त्याआधी कित्येक आठवडे तो नीट झोपलेला नाही, कुणाशी बोललेला नाही, स्वप्नात कुणीतरी त्याचं तोंड दाबतंय. बाबांच्या बोलण्यात 'दोघांचंही संपलं तर बरं' असं कधी आलं तर ते थट्टेवारी नेऊ नका. १४४१६ या टेलिमानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) क्रमांकावर दिवसरात्र बोलता येतं.

'हॉस्पिटल नको' ही मागणी मात्र ऐकून घेण्यासारखी आहे, आणि ती, झॉर्झ ॲनला देतो तशा खाजगी वचनात ठेवायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला (लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं) मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही, आणि निर्णय घेणाऱ्या नातेवाइकांची नावं. त्यानुसार कृत्रिम उपचार थांबवता येतात, तेही वैद्यकीय मंडळांच्या संमतीने. झॉर्झने केलं ते तिथेही गुन्हा, इथेही. बाबांनी स्वतःचंही असं इच्छापत्र आत्ताच करून ठेवावं. आईचं तिला समजत असेल आणि मान्य असेल तरच.

एक राहिलं. आईची कोणती बाजू गेली हे तुम्ही लिहिलेलं नाही. उजवी असेल तर वरचं सगळं लागू. डावी असेल तर बोलणं बहुधा शाबूत असेल, पण वेगळीच अडचण येते: डाव्या बाजूचं जगच तिच्या लक्षात येत नाही. ताटातला डावीकडचा भात तसाच राहतो, डावा हात व्हीलचेअरच्या चाकात जातो आणि तिला कळत नाही. तसं असेल तर ताटाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावा, तिच्याशी बोलताना आधी उजवीकडे उभं राहून हळूहळू डावीकडे सरका, आणि हात मांडीवरच्या उशीवर ठेवूनच चेअर ढकला. बाजू, आईचं वजन आणि ती आधाराशिवाय किती वेळ बसू शकते हे कळवलंत तर उचलण्याची पद्धत त्याप्रमाणे सांगता येईल.